गार इंजिन

माझा नवरा दिलीप बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. सख्खा भाऊ समोर आला तरी त्याचे कागद उलटसुलट करून बघेल. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला त्याला घेऊन निघाले तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. कशाचं काय!

गाडी मला हवी होती. त्याच्या प्रत्येक बदलीला मी चांगली नोकरी सोडून सामान बांधलं. जयपूरला आल्यावर शहराबाहेरच्या बगरू गावी एका कापड छापणाऱ्या कारखान्यात काम मिळालं, सोमवारपासून. रोज हायवेने जा-ये. गाडी वाटेत बंद पडायला लागली की दिलीपचं 'सोड ना मग' सुरू होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि या वेळी मी सोडणार नव्हते.

तिलक नगरात गाडीचा मालक कौशिक गेटवरच उभा होता. "या या, वहिनी! सापडलं ना घर?"

झालं! मराठी कानावर पडली आणि दिलीप विरघळला. कौशिक विमा कंपनीतला, बदली होऊन निघालेला, मूळ इस्लामपूरचा. आम्ही तासगावचे, म्हणजे एकाच जिल्ह्यातले. मग काय विचारता! मित्रा काय, गळाभेट काय. वर खोबरं पेरलेले पोहे आले आणि दिलीप थेट पैसे कसे द्यायचे यावर घसरला.

"अरे, इंजिन तरी बघू," मी कुजबुजले.

"सुमन, आपली माणसं आहेत. शोभतं का हे?"

मी उठून बाहेर गेले. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून एवढं कळलं होतं, की जुनी गाडी गार असताना सुरू करून बघायची. इंजिन तापलेलं असलं की दुखणी लपतात. बोनेटवर हात ठेवला तर चांगलं गरम. जानेवारीत, सावलीत उभी गाडी!

"आत्ताच भाजीला नेली होती," मागून कौशिक म्हणाला.

"हरकत नाही. गार होऊ दे. आम्हाला कुठे घाई आहे?"

आणि मी ठाण मांडून बसले. दिलीप डोळे वटारत होता. चहा झाला, गप्पा आटल्या. कौशिक मधूनच उठायचा, "जरा गाडी पुढे घेतो." मी आडवी यायचे, "राहू द्या हो, कौशिकजी!"

दुपार उलटल्यावर किल्ली मीच फिरवली. इंजिन खोकलं, खडखडलं, आणि मागून असा निळा धूर सुटला की शेजारच्या बाई वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. निळा धूर म्हणजे इंजिन झिजलंय, ऑइल पितंय.

मी तडकलेच. "लाज नाही वाटत? आपल्याच माणसांच्या गळ्यात मारताय?"

कौशिक ओशाळला, पण खरं बोलला. "वहिनी, इथले सगळे बोनेट उघडून बघतात. फोनवर तुमचं आडनाव ऐकून मला वाटलं, मराठी माणूस भिडेपोटी बघणार नाही."

दिलीपने गाडीची किल्ली काढून कौशिकच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "भाईसाहब, गाडी रख लीजिए. हमें नहीं चाहिए."

हिंदीत! माझ्या बोलण्याने उतरला नव्हता तेवढा कौशिकचा चेहरा तेव्हा उतरला.

रस्त्यावर आल्यावर दिलीप म्हणाला, "सोमवारी रजा काढून मीच तुला बगरूला सोडतो. मग गाडी मिळेपर्यंत बसने जा. पण नोकरी सोडायचं नाव काढायचं नाही."

मी कुठे काढलं होतं! पण इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला तिथेच, भर रस्त्यात, रडू फुटलं.