हवेत आवळलेला बुश

"आधी चाकं जमिनीला टेकव. गाडीचं वजन येऊ दे. मग बोल्ट आवळ," मामा स्टुलावरून म्हणाला.

"मामा, बोल्टला काय कळतंय गाडी वर आहे की खाली? बाळ उठायच्या आत मला हे उरकायचंय."

"बोल्टला नाही कळत. रबराला कळतं."

भाची हसली आणि पान्याला जोर दिला.

मित्रांनो, ते रबर म्हणजे मी. मी एक जुना, फाटलेला बुश आहे. मुठीएवढं रबर, मधोमध लोखंडी नळी. डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटेसाठी भाचीने आपला पिकअप ट्रक उंच केला, पुढे लांब स्प्रिंगा घातल्या. पुढच्या अ‍ॅक्सलला सांभाळणाऱ्या दांड्याच्या टोकाला मला बसवलं. बोल्ट आवळताना दांडा ज्या कोनात असतो, तीच माझी निवांत जागा. माझा बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना आवळला गेला. ट्रक खाली उतरला आणि मला पीळ पडला. ट्रक नुसता उभा असला, तरी तो पीळ सुटत नसे.

लोक स्प्रिंगांकडे बघून म्हणायचे, "काय रुबाब आहे!" माझ्याकडे वाकून कोण बघणार?

चार महिने मी तग धरला. मग एका उतारावर फाटलो. स्टिअरिंग भरकटलं. मागच्या सीटवर बाळ पट्ट्यात बांधलेलं होतं. पुढचं चाक एका धोंड्याला अडलं म्हणून बरं. पुढे दरी होती. बाळाला झोपेतून जागही आली नाही. भाची मात्र कितीतरी वेळ स्टिअरिंग सोडेना.

मामाने कंबर धरत, गाडीखाली सरपटत मला काढलं. नवा बुश घातला, चाकं टेकवली, मगच बोल्ट आवळला. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. ती त्याच्या घरी येईनाशी झाली.

"पुढच्या वेळी आली की दाखवीन तिला, पीळ कुठे बसला होता ते," असं पुटपुटत मामाने मला खिडकीत ठेवलं. त्यालाही आता दोन पावसाळे झाले. माझ्यावर धूळ साचली आहे. मामा माझ्याशेजारी खुर्चीत बसून रस्ता बघतो. महिन्यातून एकदा तिचा फोन येतो.

"बरा आहेस ना, मामा?"

"मला काय धाड भरलीये? मस्त आहे."

फोन ठेवल्यावर खुर्चीतून उठायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागतो. काल तो जेवायलाही उठला नाही, ताट झाकलेलंच राहिलं.

मित्रांनो, उभी गाडी निवांत असतेच असं नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तुम्हाला कधी वेळेवर सावध केलेलं एखादं माणूस असेल, तर त्याला फोनवर विचारू नका. "मस्त" ऐकून फसाल. दार ढकलून आत जा, जवळ बसा, ताटावरचं झाकण उचलून बघा.

आणि ती भाची भेटली, तर तिला एवढंच सांगा, मामा रागावलेला नाही. तो खिडकीशी बसला आहे.