आरपार वारा

मित्रांनो, जरा जवळ या. धूळ उडवायला फुंकर मात्र मारू नका, मला ती मुळीच आवडत नाही. मी एक जुना मायक्रोफोन आहे. चर्नी डोल गावच्या रेडिओ केंद्रात, तुटक्या हेडफोनांच्या सोबतीने कपाटात पडलो आहे. माझ्या जाळीला पोचा आहे. तो कसा आला, तेच सांगायचे आहे.

कारखान्यात माझ्या पोटात पातळ पडदा बसवताना एक कारागीर बाई म्हणाली होती, "याला मुंगीचा खोकलाही ऐकू येईल." मला त्याचा फार अभिमान वाटे.

बोस्नियातले आमचे गाव कोळशाच्या खाणीचे. खाण बंद पडली, पण गावाचे तोंड बंद पडले नाही. रोज सकाळी आमचा निवेदक एश्रेफ माझ्यापुढे बसून कॉफी ढवळायचा आणि फोन सुरू व्हायचे. पावाचा भाव, महापौरांची नवी गाडी, कुणाची हरवलेली गाय, आणि शेवटी मृत्युवार्ता. पहिला फोन बहुधा बेहिया आजीचा असे. जुन्या खाणीवरच्या वरच्या गल्लीत ती एकटी राहायची. तिच्या आवाजामागे पिंजऱ्यातला पक्षी गायचा.

त्या हिवाळ्यात वरच्या गल्लीतून फोन वाढले. निवृत्त खाणकामगार रांको म्हणाला, "एश्रेफ, गावात गुडघाभर बर्फ, आणि आमच्या गल्लीत जमीन कोरडी!"

"मग फावडं विकून टाका की, काका!"

सगळे हसले. मग त्याच गल्लीत कुणाचे डोके दुखू लागले, कुणाला उलट्या होऊ लागल्या.

"खिडकी उघडी होती का हो?" एश्रेफ विचारायचा.

"थोडीशी."

"झालं तर मग! आरपार वारा लागला."

आमची माणसे काळोख्या खाणीत बेधडक उतरत, पण घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की त्यांना कापरे भरे. मान आखडो की दात ठणको, गुन्हेगार तोच वारा. म्हणून एश्रेफ मायेने सांगायचा, "खिडक्या गच्च लावा. फटींत चिंध्या कोंबा." गल्ली त्याचे ऐकायची.

मला मात्र धास्ती वाटू लागली. त्या गल्लीतले आवाज दिवसेंदिवस जड होत होते, शब्द जिभेवरून घसरत होते. पण मला कान आहेत, तोंड नाही.

एके सकाळी आजीच्या आवाजामागे गाणे नव्हते.

"पोरा, माझा पक्षी गेला रे. दांडीवरून धपकन पडला."

"अरेरे! वारा बाधला असेल, आजी."

"म्हणून तर आज दारालाही चिंध्या लावल्या. डोकं नुसतं ठणकतंय. पडते जरा."

"पडा. उद्या फोन केला नाहीत तर रुसेन हं मी!"

एश्रेफचे वडील खाणीत असाच पिंजरा घेऊन उतरायचे. विषारी वायूने पक्षी पडला की जीव घेऊन वर पळायचे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक. पण ते जमिनीखालचे. घरातला पक्षी मेला, तर तो वाऱ्यानेच.

दुसऱ्या दिवशी आजीचा फोन आला, पण ती बोलेना. पलीकडे तिच्या रेडिओवर एश्रेफचाच आवाज घुमत होता.

"आजी? रेडिओ बारीक करा ना. आजी?"

एश्रेफला एकदम वडिलांचा पिंजरा आठवला. त्याने मला गच्च धरले आणि तो ओरडला, "खिडक्या उघडा! वरच्या गल्लीतले सगळे बाहेर पडा, असाल तसे पळा! रांकोकाका, आजीचं दार फोडा!" त्या धांदलीत मी टेबलावरून फरशीवर आपटलो.

फोनमधून दार फुटल्याचा आवाज आला. मग रांकोचा खोकला. "एश्रेफ, आजी गेली रे."

गल्ली वाचली. जुन्या खाणीतला कोळसा खाली धुमसत होता, त्याच्या धगीने बर्फ वितळत होता आणि त्याचा वास नसलेला विषारी वायू घरांत साचत होता, असे पुढे कळले. दुपारच्या मृत्युवार्तेत एकच नाव होते. ते वाचताना एश्रेफला तीनदा थांबावे लागले. नंतर तो माझ्यापुढे कधी बसला नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. वरची गल्ली ओस आहे. आता परगावची एक हसरी मुलगी कार्यक्रम करते. काल तिला खालच्या गल्लीतून फोन आला, "ताई, यंदा आमच्याकडे बर्फच टिकत नाही!"

ती खळखळून हसली.

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या. आधी तिला जाऊन सांगा.