उणे ऐंशीचा मुहूर्त

जुना फ्रीजर उणे ऐंशी अंशांवर असायला हवा होता. सकाळी साडेआठला तो उणे बावन्नवर होता आणि आपलं यात काय चुकलं, अशा थाटात घरघरत होता. त्याच्या धोक्याच्या भोंग्याची वायर स्टोअरकीपर भाऊरावांनी मागच्या आठवड्यात काढून ठेवली होती. कारण तो वाजत होता.

आत डॉ. विनताचं चार वर्षांचं काम होतं: इस्पितळाच्या आयसीयूतल्या दोनशे बारा रुग्णांचं रक्त. जंतू रक्तात पसरले की शरीराची प्रतिकारशक्ती आधी पिसाळते आणि मग ऐन लढाईत झोपी जाते. ती नेमकी कधी झोपते, हे विनता त्या रक्तात शोधत होती. त्यातले एकसष्ट जण आता नव्हते. त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायची सोय नव्हती.

शेजारी नवाकोरा फ्रीजर उभा होता. महिनाभर नुसता उभाच होता. पोटाला लाल फीत, फितीच्या गाठीत प्लग गुंडाळलेला, गाठीवर लाखेचा शिक्का.

"भाऊराव, शिक्का तोडा."

"नाही जमत मॅडम. उद्घाटनाचे पाहुणे दोनदा यायचे राहिले, अन् आता पितृपक्ष लागला. नवीन काही सुरू नाही करत."

"हा काय सोफासेट आहे का?"

"सोफासेट असता तर मी काही बोललो नसतो. ही सरकारी वस्तू आहे."

विनताने अधीक्षक डॉ. हेमचंद्रांना फोन लावला. ते सर्जन. तीस वर्षं त्यांनी लोकांची पोटं पंचांग न बघता उघडली होती.

"विनताजी, लोकांच्या भावना असतात. घटस्थापनेला करून टाकू."

"सर, तोवर सगळं रक्त नासेल."

"अच्छा. मग तोवर जुन्याचं दार जरा कमी उघडा," असा शास्त्रीय सल्ला देऊन त्यांनी फोन ठेवला.

आकडा उणे एकोणपन्नास झाला. नवा आत्ता सुरू केला तरी पुरता गार व्हायला सहा तास. विनताची स्वतःची प्रतिकारशक्ती पिसाळण्याच्या टप्प्यात होती.

तेवढ्यात डबा घेऊन इंदूबाई दारात आल्या. सिहोऱ्याहून पहिल्या बसने. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान रामराव इथल्याच आयसीयूत गेले; आज त्यांची तिथी.

"घरी कावळ्याचं पान ठेवून आली," त्या म्हणाल्या. "पण शेवटचे एकोणीस दिवस तर ते तुमच्याकडेच होते. म्हटलं, खिरीत तुमचाही वाटा." मग त्यांचं लक्ष फितीकडे गेलं. "हे कोणाचं लग्न?"

विनताने सांगितलं. इंदूबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"काहून हो भाऊ? माझी सही घेतली तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांचं रक्त पुढच्या माणसाच्या कामी येईल. ते तिथं नासून राहिलं अन् तुम्ही चांगला दिवस शोधून राहिले?"

"ताई, पितृपक्ष आहे."

"तेच म्हणते मी. पितरांचं करायचे हेच पंधरा दिवस ना? मग त्या पेटीत कोण आहे?"

भाऊराव स्वतः रोज पहाटे तिलवाऱ्याला नर्मदेत वडिलांना पाणी देऊन ड्यूटीवर येत होते.

"किती आहेत मॅडम?"

"एकसष्ट."

"अन् बाकीचे?"

"जिवंत आहेत. त्यांच्या रक्ताला पंचांग लागत नाही, बर्फ लागतो."

भाऊरावांनी कपाट उघडलं. मखमली तबक आणि चांदीच्या मुलाम्याची कात्री निघाली. "पण कापणार कोण?" त्यांनी विचारलं. विनताने कात्री इंदूबाईंच्या हातात दिली.

"मी? विधवा बाई?"

"तुम्हीच. पाहुणे दोनदा आले नाहीत, तुम्ही न बोलावता आलात."

फीत एका झटक्यात कापली गेली. टाळ्या भाऊरावांनी वाजवल्या. तो त्यांच्या ड्यूटीचा भाग होता. मग सायकल काढून ते रांझीच्या आइसक्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ घेऊन आले, आणि संध्याकाळी नवा फ्रीजर गार होईपर्यंत रक्त त्या बर्फावर तगून राहिलं. रामरावांचं वाचलं. वरच्या खणातले अकरा नमुने मात्र सकाळीच गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी विनताला नोटीस आली: प्रमुख पाहुण्यांविना, अशुभ काळात शासकीय उपकरण सुरू केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा.

तिने लिहिलं: "प्रमुख पाहुण्या हजर होत्या. इंदूबाई, मुक्काम सिहोरा. खीरही त्यांनीच आणली होती. अकरा नमुन्यांचा खुलासा मला हवा आहे. तो कोणाकडे मागायचा, हे घटस्थापनेपूर्वी कळवावे."