नावाचे एकवीस हजार नोड

तनुजाच्या स्क्रीनवर सकाळपासून तिसऱ्यांदा तीच लाल पट्टी आली : मॉडेल लायसन्सच्या मर्यादेबाहेर आहे. तिनं माउस असा आपटला की आतल्या खोलीतून दत्तप्रसाद सरांचा आवाज आला, "अहो, माउस तरी आपला स्वतःचा आहे. जपून."

सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत ऊस उचलणाऱ्या यंत्रांची डिझाइनं होत. भार पडल्यावर हूक कुठे तुटेल हे सॉफ्टवेअर सांगायचं, आणि त्यासाठी हुकावर जाळी टाकायचं. जाळीची एकेक गाठ म्हणजे एकेक नोड. जाळी बारीक, तर उत्तर खरं. पण सरांच्या लायसन्सात नोड मिळायचे बत्तीस हजार, वर एकही नाही. मग बोल्ट काढा, भोकं बुजवा, कडा सपाट करा. दोन वर्षं तिची सगळी हुशारी या काटछाटीत चालली होती. वीट आला होता तिला.

गेल्या आठवड्यात मांजरी गावच्या हुकासाठी तर तिनं हुकाच्या मानेजवळची जाळीच ढोबळ केली. चित्र हिरवंगार, म्हणजे सुरक्षित, आलं, सरांनी रिपोर्टवर सही ठोकली, हूक तयार होऊन गेलासुद्धा. आज त्याहून मोठा हूक होता आणि पुन्हा तेच रडगाणं.

"सर, काढण्यासारखं काही उरलं नाही."

"नाव सोडून आपण काहीही काढा."

नाव म्हणजे 'दत्तप्रसाद इंजिनिअरिंग वर्क्स'. प्रत्येक मॉडेलवर ते उठावाच्या अक्षरांत असायचं, वेलांट्या-रफारांसकट. त्याला हात लावायचा नाही हा ऑफिसचा पहिला नियम, आणि तनुजानं तो मुकाट्यानं पाळला होता. आज मात्र डोकं तापलेलं होतं. हे नाव नोड खातं तरी किती, म्हणून तिनं पाहिलं.

एकवीस हजार.

आधी तिला हसू आलं, मग मांजरीचा हूक आठवला. तिनं त्याची फाइल उघडली, नाव उडवलं, मानेला बारीक जाळी दिली. मान लालभडक झाली.

"सर, मांजरीचा हूक मानेत तुटणार!"

"रिपोर्ट हिरवा आहे."

"जाळी ढोबळ होती म्हणून हिरवा! मी तपासायला हवं होतं, नाही तपासलं."

सर स्क्रीनकडे बघत राहिले. "नाव कुठे गेलं?"

तनुजानं तोवर मांजरीच्या मुकादमाला, मच्छिंद्रला फोन लावला होता.

"भाऊ, नवा हूक वापरू नका!"

"कवाच लावला की ताई. झ्याक हाय. मोळी वर घेतलीया."

"मोळीखाली कोण आहे?"

"कुनी न्हाई, मी एकटाच."

"बाजूला व्हा! आधी बाजूला व्हा!"

"काय म्हनता? यंत्राचा आवाज लई हाय. हितंच उभा ऱ्हातो, सावकाश बोला."