आधी नवा उतार, मग मी

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा उतार आहे. जुना असलो तरी मोडीत निघालेलो नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. एका बैठ्या घराच्या दारापासून मी सुरू होतो आणि अंगण ओलांडून रस्त्याला टेकतो. सध्या माझ्या पायथ्याशी एक रोडरोलर उभा आहे. त्याला माझ्या जागेवरून पुढे जायचे आहे. मी त्याला जाऊ देणार आहे, पण एका अटीवर. ती अट कशी ठरली, ते ऐका.

हे घर ज्याने बांधले तो जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करीत असे. पाण्याचे पंप, पंखे, कारखान्यांतली यंत्रे असे काहीही त्याच्याकडे येई. तो त्यांच्यातली करपलेली तार काढून नवी तार गुंडाळून देई. घराचे जोते रस्त्यापेक्षा दोन फूट उंच होते. गवंड्याने दारापुढे पायऱ्या आखल्या, तेव्हा मालकाने त्या पायाने पुसून टाकल्या.

"पायऱ्या नकोत. उतार कर. एक फूट चढाला बारा फूट लांबी धर."

"अहो, म्हणजे चोवीस फूट झाले. सगळं अंगण खाईल तो."

"खाऊ दे."

कशासाठी, असे जो तो विचारी. तो सांगे, "मोटारी जड असतात. ढकलगाडीवरून चढवायला बरं पडतं." हे खोटे नव्हते. पण मी वाळून तयार झालो, त्या दिवशी पहिली मोटार माझ्यावरून चढली नाही. त्या माणसाने घरातून एक चाकांची खुर्ची आणली, स्वतः तिच्यात बसला, पाय उचलून फळीवर ठेवले आणि केवळ हातांनी चाके फिरवीत माझ्यावरून वर आला. परत खाली गेला. पुन्हा वर आला. मग त्याने आपल्या धाकट्या मुलीला खुर्चीत बसवले. तान्हेपणीच्या तापाने तिचे पाय गेले होते.

"कर तू," एवढेच तो म्हणाला आणि माझ्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला.

ती चढली. निम्म्यावर थांबली, धापा टाकल्या, पण चढली. त्यानंतर तिला कोणी उचलून घराबाहेर काढले, असे मी पाहिलेले नाही.

माझी रचना साधी आहे, पण विचारपूर्वक केलेली आहे. ओल्या सिमेंटवर खराटा ओढून गवंड्याने आडव्या रेघा पाडल्या, त्यामुळे पावसातही चाक घसरत नाही. दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची कड आहे. बाप गेल्यावर मुलीने त्याचे काम हाती घेतले आणि त्याच्याहून पुढे नेले. तिच्या हाताखालून गेलेली मोटार पुन्हा जळत नाही, असे गिऱ्हाईक म्हणतात. गल्लीतली मुले तिला कॉइलमावशी म्हणतात आणि मोठी माणसे ताई. माझे कौतुक मात्र कोणी केले नाही. उताराचे कौतुक कोण करतो? उलट पावसाळ्यात कडेला शेवाळे धरले की तिचा दादा तारेच्या ब्रशाने मला घासताना कुरकुरत असे. मला त्याचे वाईट वाटत नसे. घासायला तो कधी चुकला नाही.

मग एके दिवशी दोन माणसे फीत घेऊन आली. मित्रांनो, रस्ता रुंद करायचा असला की नगरपालिका लोकांच्या जागा कशा घेते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. आधी नकाशावर एक रेघ ओढतात. मग प्रत्यक्ष जागेवर येऊन, मालकाला समोर ठेवून मोजणी करतात. मग नोटीस लावतात: कोणाची काही हरकत असल्यास अमुक मुदतीत कळवावी. हरकतीची सुनावणी होते. शेवटी मोबदला ठरतो आणि जागा ताब्यात घेतात. पद्धत म्हणून हे चांगलेच आहे. खोट असते ती पहिल्या रेघेत. ती ओढणारा खाली वाकून पाहत नाही.

लाल रंगाची ती रेघ माझ्या बरोबर मध्यावरून गेली. फीत धरणाऱ्याने विचारले, "हे काय आहे?"

ताई आतून बाहेर येईपर्यंत शेजारच्या शिंपीकाकांनी परस्पर उत्तर दिले, "मोटारी चढवायचा उतार." बापाने वर्षानुवर्षे हेच तर सांगितले होते. त्याप्रमाणे नोंद झाली.

त्या संध्याकाळी दादा आणि ताई दारात बसले होते. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे संमतीवर दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

"सगळी गल्ली सह्या करून मोकळी झाली," दादा म्हणाला. "आपणच आडमुठे ठरतोय. रस्ता झाला तर दारात रुग्णवाहिका येईल. तुझ्याच कामाची आहे."

"रस्त्याला मी कुठं नको म्हणते? उतार अर्धा कापला तर वर राहील तो कडा. खाली उतरायचं कसं?"

"तीन पायऱ्या करून देणार आहेत. मी आहे ना उचलायला."

"आहेस रे. आणि तू कामावर गेल्यावर?"

"फोन करायचा. शिंपीकाका आहेत, त्यांचा मुलगा आहे. कोणी नाही म्हणणार नाही."

"तेच तर," ताई म्हणाली. "कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून मला रोज विचारावं लागेल."

दादाला ते लागले. इतकी वर्षे आपण ज्याला माया समजत आलो ते बहिणीला नको आहे, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. तो आत निघून गेला. ताईने सही केली नाही, हरकत नोंदवली.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. ताई गेली, मागोमाग दादाही गेला, आणि ती जिन्याच्या पायथ्याशी थांबली. तिथे काय झाले ते दादाने दुसऱ्या दिवशी माझ्या कडेवर बसून शिंपीकाकांना सांगितले, म्हणून मला कळले.

"वरून शिपाई आला. म्हणतो, साहेब चार माणसं पाठवतायत, खुर्ची उचलून वर आणतील. ही म्हणाली, साहेबांना सांगा, एक माणूस खाली आला तर चार माणसांचे श्रम वाचतील."

शिंपीकाका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "मग आले का साहेब?"

"आले. चिडूनच आले. हिनं त्यांना विचारलं, सुनावणीला बसायचं कुठं. जिन्याखाली कसली जागा? मग म्हणाली, माझ्या दारात चला, तिथं भरपूर जागा आहे, आणि वादही तिथलाच आहे."

हे सांगताना दादाचा सूर तक्रारीचा होता, पण त्याने ते पुन्हा एकदा सांगितले, पहिल्यापासून.

अशा रीतीने माझी सुनावणी माझ्याच पाठीवर झाली. भूसंपादनाचे साहेब, त्यांचा तरुण अभियंता आणि ताई असे तिघे होते. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

साहेबांनी कागद उघडला. "बाई, मोटारी चढवण्याच्या सोयीचा मोबदला आम्ही धरलेला आहे. साखळी आणि कप्पी लावून घ्या. मग अडचण काय आहे?"

मित्रांनो, त्या घरात जी गोष्ट कोणी मोठ्याने बोलले नव्हते, ती तिला परक्या माणसांसमोर बोलायची होती. बापाने मोटारींचे नाव पुढे केले होते ते मुलीची कीव कोणी करू नये म्हणून. तीच ढाल आता तिच्या आड येत होती.

"मोटार आठवड्यातून एखाद-दुसरी येते," ती म्हणाली. "मी रोज चार वेळा चढते-उतरते. तुमच्या नोंदीत मोटारी आहेत, मी नाही. हा उतार बाबांनी माझ्यासाठी केला. तेवढं आधी लिहा."

दादाने मान खाली घातली. साहेबांनी लिहिले.

"बरं, लिहिलं. पण रस्ता तर वाकवता येत नाही."

"वाकवू नका. जमीन घ्या. माझं खाली येणं तेवढं घेऊ नका."

अभियंता इतका वेळ मोजपट्टीशी चाळा करीत होता. त्याने खडू काढला आणि माझ्यावरच आकृती काढायला बसला. सरळ उताराला आता जागा पुरणार नव्हती. पण भिंतीलगत उतरत जायचे, वळणावर सपाट चौथरा करायचा आणि मग रस्त्याकडे वळायचे, असे केले तर चढ तेवढाच राहत होता. एकास बारा. ताईने खुर्चीतून वाकून त्याचा चौथरा खोडला आणि मोठा काढला.

"एवढ्यात खुर्ची वळत नाही. फिरून पाहा हवं तर."

"पण मग हे भिंतीलगतचं अंगण जाईल," अभियंता म्हणाला.

"तिथं माझी मोटारसायकल असते," दादा चौकटीतून म्हणाला. मग खडूची आकृती पाहून तोच म्हणाला, "राहील रस्त्यावर. रस्ता रुंद होतोय ना."

साहेब फाईल मिटू लागले. "ठीक आहे. ताबा घेऊ, हा पाडू, रस्ता झाला की नवा बांधून देऊ."

"नाही," ताई म्हणाली. "आधी नवा, मग जुना."

"बाई, कामाची पद्धत आहे. आधी मोकळी जागा लागते."

"माझ्या कामाचीही पद्धत आहे, साहेब. जळकी कॉइल कापण्याआधी मी तिचे वेढे मोजते, तारेची जाडी बघते, नवी कॉइल तयार करून टेबलावर ठेवते. आधी कापली आणि मग शोधत बसले, तर गिऱ्हाईकाची मोटार महिनोन्महिने माझ्या कपाटाखाली पडेल. तुमच्या कपाटाखाली मला नाही पडायचं."

साहेबांना हसू आवरले नाही. आदेशात तसे वाक्य आले: नवा उतार वापरण्यायोग्य झाल्यावरच जुना काढावा. मग ताई-दादा दोघांनीही सह्या केल्या.

मला वाटले, झाले. पण कागद साहेबांचा असतो आणि थापी मुकादमाची. मुकादमाने भिंतीलगतचा भाग घाईघाईत आखडता घेतला. लांबी कमी झाली की चढ उभा होतो, हे शाळेतल्या मुलालाही कळते. दिसायला नवा उतार देखणा होता, गुळगुळीत, करकरीत. माझ्यावरच्या रेघा त्याच्यावर नव्हत्या.

आज सकाळी ताई त्याची परीक्षा घ्यायला निघाली. ती माझ्यावरून उतरली आणि नव्यावरून चढू लागली. वळणापर्यंत गेली. पुढे चाके जागीच थबकली. खुर्ची मागे घसरू लागली. दादा धावला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

तो थांबला. तिने चाके धरून धरून स्वतःला खाली आणले. तळहात सोलले होते.

"मुकादम, हा चालणार नाही. पाडून पुन्हा करा."

"अहो ताई, किंचितच चढ आहे. मागून कोणी जरासा हात लावला की झालं."

"तो हात तुम्ही रोज पाठवणार का?"

"रोलर भाड्यानं आणलाय. तुमच्या हट्टापायी अख्खी गल्ली धूळ खातेय."

शिंपीकाका दुकानातून म्हणाले, "ताई, खरंच आता पुरे की. कापडावर थर बसतो गं."

"काका, तुमच्या दुकानाला नव्या पायऱ्या आल्यात. आज तुम्ही चढता. गुडघे बोलायला लागले की मला सांगा, तेव्हा काय पुरे ते ठरवू."

काकांनी शटर अर्धे ओढून घेतले. बहुधा धुळीसाठी.

मुकादमाने माणसांना खूण केली. दोन घण माझ्याकडे निघाले. ताई काही न बोलता माझ्यावर चढली, मध्यावर त्या लाल रेघेवर आली आणि खुर्चीला ब्रेक लावला. पिशवीतून अर्धवट तार भरलेली एक लहानशी मोटार काढून तिने मांडीवर घेतली आणि तार गुंडाळायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाला संध्याकाळी द्यायची होती.

मुकादम दादाकडे वळला. "साहेब, तुम्ही तरी सांगा. दोन मिनिटं खुर्ची उचला ना."

मी दादाला त्याच्या लहानपणापासून ओळखतो. उचलण्यासाठी त्याचे हात नेहमीच तयार असत. तो माझ्यावर चढला. मला क्षणभर धसका बसला. पण तो खुर्चीच्या मागे गेला नाही. तो तिच्यापुढे, माझ्या उतारावर, घणवाल्यांकडे तोंड करून खाली बसला. कामावर जायचे कपडे अंगावर होते, तसाच.

"मी नाही उचलत तिला," तो म्हणाला. "आधी तो दुसरा पाडा. तुमच्या अभियंत्याला मी फोन केलाय. खडू घेऊन येतोय."

ताईचे हात चालूच होते. "कामावर उशीर होईल तुला," ती म्हणाली.

"होऊ दे."

मित्रांनो, मला वाचवा, अशी विनवणी मी करणार नाही. माझा जन्म कोणाला तरी खाली नेऊन परत वर आणण्यासाठी झाला. ते काम दुसरा नीट करू लागला की मी खुशाल दगड-वाळू होईन. पण तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी साहेब, कोणी मुकादम. नकाशावर रेघ ओढण्याआधी त्या दारातून कोण येते-जाते ते जाऊन पाहा, आणि शेजाऱ्याला नव्हे, त्यालाच विचारा. आणि रेघ तुमच्याच दारातून गेली, तर रस्त्याला जमीन जरूर द्या. मात्र दिलेला शब्द पुरा झाल्यावाचून जागचे हलू नका. लोक आडमुठे म्हणतील. म्हणू देत.

आता अभियंता आला आहे. त्याने नव्या उतारावर पट्टी ठेवून पाहिली, मुकादमाकडे पाहिले आणि घणवाल्याला बोलावले. घण उचलला गेला, गल्ली दणाणली, सिमेंटचे तुकडे उडाले.

तो घाव माझ्यावर पडला नाही.