चांदणीच्या जागी

मी एक विजेवर फिरणारी रवी आहे, मित्रांनो. जुनी म्हणावं तर अंगावरचं प्लास्टिक अजून पुरतं निघालेलं नाही, आणि नवी म्हणावं तर खाली उंदरांनी संसार थाटलाय. तोंड लपवायचीही सोय नाही, कारण माझ्या पोटावर ‘शासकीय अनुदानातून प्राप्त’ असं ठळक लिहिलंय.

नामपूरच्या गुलजारबींकडे चांदणी नावाची म्हैस होती. तिच्या दुधाचं लोणी गुलजारबी हातानेच काढायच्या आणि ते सगळं सटाण्याला मुस्तकीमभाईंच्या बेकरीत जायचं, नानखटाईसाठी. पुढे लोकांनी लोणी कमी केलं, पुष्कळांनी सोडलंच. वजन वाढतं म्हणे! मुस्तकीमभाईही डब्यातल्या स्वस्त वनस्पती तुपावर गेले.

लोणी घरात पडून कडवट व्हायला लागलं, तेव्हा गुलजारबी लेकाला, निसारला, घेऊन नाशिकला सरकारी कार्यालयात गेल्या.

“साहेब, लोणी खपायचं काहीतरी बघा. माझी चांदणी लय गुणाची हाय. तिला विकायचं नाय मला.”

साहेब तसे भले. म्हणाले, “मावशी, लोणी खपवायची योजना नाही आपल्याकडे. वाढवायची आहे.”

अशी मी आले.

माझ्यासाठी पक्की, फरशीची खोली हवी अशी अट होती. घराबाहेर पक्कं छप्पर होतं ते फक्त गोठ्यावर. निसार म्हणाला, “अम्मी, मशीन परत गेलं तर पुन्हा काहीच मिळायचं नाही.” मग चांदणीला बाहेर कडुनिंबाखाली बांधलं आणि तिच्या जागी मला उभं केलं. फरशी घालताना तिचा खुंटा काही केल्या निघेना, तो माझ्या पायाशी तसाच राहिला.

उद्घाटनाला नारळ फुटला, मला हार घातला, फोटो काढले. गुलजारबींनी भाकरीवर ताज्या लोण्याचा गोळा ठेवून ताट पुढे केलं. साहेबांनी हात जोडले. “नको मावशी, डॉक्टरांनी बंद केलंय.” बरोबरची मंडळीही हसत मागे सरली. एकानंसुद्धा बोट लावलं नाही हो! माझ्या गळ्यात हार आणि त्या माउलीच्या हातात ते भरलेलं ताट. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

लोण्याला गिऱ्हाईक मिळालंच नाही. मिळालं ते चांदणीला.

टेम्पो आला त्या सकाळी निसारनं तिचा दोर सोडला, तशी ती वळली आणि थेट माझ्या खोलीत आली. मला अंग घासून खुंट्यापाशी उभी राहिली, बांधायची वाट बघत. गुलजारबी तिच्या गळ्यात पडून रडल्या. “चल गं बाई, तुझी जागा मीच दिली दुसऱ्याला.” ती दुसरी म्हणजे मी. मला तर एक पाऊलही बाजूला सरकता येईना.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती गुलजारबी राखतातच, तपासणीला कुणी आलं तर दिसायला हवं म्हणून. मला पुसून झालं की त्याच फडक्यानं खुंटाही पुसतात. मला मात्र लाज वाटते.

तुम्ही मोठे व्हाल, कुणाला मदत करायला निघाल, तेव्हा समोरचं माणूस काय मागतंय ते आधी नीट ऐका. गुलजारबींनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.