कोपऱ्यावरचा प्लॉट

मनकर्णा मालगाडीच्या दोन डब्यांमधून वाकून पलीकडे गेली, तेव्हा फाटकवाला जोरात ओरडला, "ओ बाई, गाडी हालली तं मरशील ना!"

तिने मागे पाहिलं नाही. माजरीच्या खाणीतला कोळसा भरलेली गाडी फाटकावर आडवी उभी राहिली होती. त्या बाजूला झिंगूची बैलगाडी अडकली होती आणि तीत पसरलेल्या भाताच्या तणसावर त्याची बायको सुकरी कळा देत पडली होती. नव्या वस्तीतून निघालेल्या या माणसांना रुळांच्या अलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं. पण फाटक काही उघडत नव्हतं.

"चादर धर रे झिंगू, अन् तोंड तिकडं कर," मनकर्णा म्हणाली.

मूल आलं ते निळं. मानेला नाळेचा वेढा होता. तिने वेढा सोडवला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मुलगा होता. तो रडला नाही. मालगाडी हलली, डबे खडखडत निघून गेले आणि फाटक उघडलं. बैलांनी आपणहून पाय उचलले, तर झिंगूने त्यांना थांबवलं. आता घाई कशाची होती?

सुकरी वाचली. संध्याकाळी हातपाय धुताना मनकर्णाला वाटलं, ही बाई आपल्याला रागाने काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मनकर्णा गावच्या म्युनिसिपल कमिटीची सुईण होती. नागपूरला जाऊन शिकून आलेली. लाकडाच्या गिरण्या वाढल्या, खेड्यापाड्यातली माणसं कामाला आली, तशी जुन्या गावात पाय ठेवायला जागा उरली नाही. मग सत्तावन्न साली कमिटीने रुळांपलीकडे वस्ती आखली. चुन्याच्या रेघा मारून रस्ते पाडले, विहिरी खणल्या, प्लॉट वाटले. विहिरीजवळचा कोपऱ्यावरचा प्लॉट मनकर्णाला मिळाला होता. तिचा नवरा लटारू आरागिरणीत होता. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच तिथे जायचा. पाया त्याने स्वतः खणला, दगड स्वतः बसवले. भाड्याच्या खोलीत दोघांचं आयुष्य गेलं होतं. मूलबाळ नव्हतं, तरी त्याला ओसरी मोठी हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती कमिटीच्या अध्यक्षांकडे गेली. गुणवंतराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"बाई, तिकडं बाळंतपनाची खोली पाहिजे, मले कबूल हाये. बांधाले मंजुरी बी आनतो. पन जागा कुठी हाये? रस्ते सोडून सारे प्लॉट वाटून झाले. आमच्या ध्यानातच नाई आलं. आता कोनाच्या तोंडचा घास काढू?"

"मंग काय करता जी?"

"वस्तीच्या पुढच्या वाढीत ठेवू."

"पुढची वाढ कवा?"

गुणवंतरावांनी तिच्यासाठी चहा मागवला.

जेवण झाल्यावर तिने लटारूजवळ आपला प्लॉट देण्याचा विषय काढला. तो सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

"आपलाच काऊन? वस्तीत दुसरे लोक नाईत का?"

"हायेत. त्याहिले मी कोन्या तोंडानं मागू?"

"जल्मभर दुसऱ्याच्या घराचे लाकूड-फाटे चिरले मी, मनकर्णा."

"मले मालूम हाये."

"मंग?"

"ते लेकरू माह्या हातात होतं. तुमच्या हातात नव्हतं."

हे बोलायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. मूल नसलेल्या घरात असं वाक्य खोल जातं. लटारू उठून बाहेर गेला. पुढे बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. सुट्टीच्या दिवशी प्लॉटवर गेला नाही. खाटेवर आढ्याकडे बघत पडून राहायचा. तिनेही पुन्हा विचारलं नाही. मनातून तिलाही घर हवंच होतं. चुलीची जागा तिने कधीच ठरवून ठेवली होती.

एका सकाळी गिरणीत जाताना तो दारात थांबला.

"सांग त्याहिले, घ्या म्हनाव. पन मले तिकडं येजो म्हनू नको."

गुणवंतरावांनी शब्द दिला की पुढच्या वाढीत पहिला प्लॉट तुमचाच. ती वाढ काही लवकर आली नाही. खोली मात्र उन्हाळ्याआधी उभी राहिली, त्याच पायावर. पांढऱ्या भिंती, दोन खाटा, पुढे पायऱ्या. वस्तीतल्या बायका पायी चालत येऊ लागल्या. फाटक बंद आहे की उघडं, हे कोणी विचारेनासं झालं.

वर्षभर लटारू तिकडे फिरकला नाही. मग एकदा एक बाई अडली आणि मनकर्णा आदल्या दिवशीपासून घरी आलीच नाही. दुपारी त्याने स्वतः भाकरी थापली, पिठलं केलं, फडक्यात बांधलं आणि रूळ ओलांडले.

कोपऱ्यावर तो जरा वेळ उभा राहिला. मग पायरीवर बसला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. मनकर्णा दारात आली, त्याला पाहून थबकली, काहीतरी बोलणार होती, पण आतून हाक आली आणि ती वळली. अडलेल्या बाईचा नवरा अंगणात येरझारा घालत होता. नवाच माणूस, कुठल्याशा खेड्यातून आलेला.

"भाऊ," त्याने विचारलं, "तुमी इथले कोन जी?"

लटारूने मांडीवरचं फडकं नीट केलं.

"कोनी नाई. भाकर घेऊन आलो."

मग तो थोडा बाजूला सरकला आणि हाताने पायरीवरची धूळ झाडली.

"उभा काऊन हायेस बापा? बस."